छातीतल्या सेलचा हिशेब

गेल्या भागात मोबाइलच्या बॅटरीचे टक्के कसे काढतात ते पाहिले. तिथे एक सोय असते. बॅटरी पूर्ण चार्ज झाली की चुकलेला हिशेब तिथून नव्याने मांडता येतो. एकदाच वापरायच्या लिथियम सेलच्या नशिबी हे नाही.

गाडीच्या रिमोटमधला नाण्याएवढा सीआर2032 घ्या. मल्टिमीटर साधारण 3 व्होल्ट दाखवतो. सेल अर्धा संपला तरी आकडा फारसा हलत नाही. व्होल्टेज टिकून राहते हाच तर या सेलचा गुण, आणि त्यामुळेच आत किती उरले ते कळत नाही. शिवाय मल्टिमीटर सेलकडून जवळजवळ काहीच काम करून घेत नाही. म्हणून क्षणभर एखादा रोधक जोडून व्होल्टेज किती खाली येते ते बघावे. सेल उतरत जातो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. अर्थात कडाक्याच्या थंडीत चांगला सेलही असाच मान टाकतो, तेव्हा तापमान विसरून चालत नाही.

पाण्याच्या आणि गॅसच्या मीटरमध्ये असतो त्या 3.6 व्होल्टच्या लिथियम-थायोनिल क्लोराइड सेलवर तर ही युक्तीही फसते. पडून राहिलेल्या सेलमध्ये लिथियमवर क्लोराइडचा पातळ थर धरतो. त्यामुळे सेल वर्षानुवर्षे टिकतो खरा, पण पहिला भार पडताच कोरा सेलही उतरल्यासारखा वागतो. तिथे खर्चाची बेरीज करत राहणेच बरे.

मला सर्वांत देखणे वाटते ते पेसमेकरमधले उत्तर. 1960च्या सुमारास त्यांत पाऱ्याचे सेल असत आणि ते दोनेक वर्षांत बदलावे लागत. 1972 मध्ये इटलीत लिथियम-आयोडिन सेलवरचा पेसमेकर पहिल्यांदा बसवला गेला. या सेलमागे अमेरिकन अभियंता विल्सन ग्रेटबॅच यांचा पाठपुरावा होता. 1 अँपिअर-तासाच्या सेलमधून 10 मायक्रोअँपिअर प्रवाह घेतला, तर 1 लाख तास निघतात, म्हणजे 11 वर्षांहून थोडे जास्त. पण हा झाला कागदावरचा हिशेब. कोणाच्या हृदयाला पेसमेकरची किती मदत लागेल, हे आधी कोण सांगणार?

इथे सेलचे रसायनच मदतीला येते. लिथियम आणि आयोडिन यांच्या संयोगातून लिथियम आयोडाइड तयार होते आणि दोहोंच्या मध्ये साचते. जेवढा सेल वापरला, तेवढा हा थर जाड आणि तेवढा रोध जास्त. म्हणजे झालेला खर्च सेलच्या आतच नोंदला जातो. पेसमेकर तो रोध मोजून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना कळवतो. छातीवर चुंबक धरला की पेसमेकर ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो. सेल उतरणीला लागला की अनेक पेसमेकरांमध्ये ही गती कमी होते, त्यावरूनही अंदाज बांधता येतो.

बदलण्याचा इशारा येतो तेव्हा साधारण तीन महिन्यांचा अवकाश राखलेला असतो. त्या मुदतीत शस्त्रक्रिया ठरवतात. सेल टायटेनियमच्या डबीत सीलबंद असल्यामुळे ती सबंध डबीच बदलतात. हृदयापर्यंत गेलेल्या तारा धड असतील तर त्याच नव्या डबीला जोडतात.