तटस्थ बंदर आणि दोन महायुद्धें

१९३९ सालच्या सप्टेंबर महिन्यांत पुण्याहून मिरज, बेळगांव, लोंढा या वाटेनें मुरगांवास निघालेला उतारू कॅसल रॉक स्टेशन ओलांडून घाट उतरूं लागला, म्हणजे तो युद्धमान देशांतून शांत देशांत शिरत असे. डोंगर तेच, पाऊस तोच, आणि दोहों बाजूंच्या घरांतून बोलल्या जाणाऱ्या भाषाहि सख्ख्या बहिणी. तरीहि सरहद्दीच्या अलीकडचीं माणसें युद्धांत होतीं आणि पलीकडचीं नव्हतीं. अलीकडच्या लोकांस ३ सप्टेंबर रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं लोकप्रतिनिधींस न विचारतां युद्धांत ओढलें होतें. त्याच्या निषेधार्थ प्रांतोप्रांतींच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले, आणि मुंबई प्रांतांतील बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळहि त्यांत होतें. पलीकडच्या गोमंतकीयांस लिस्बनच्या सरकारनें तटस्थ ठरविलें होतें. त्यांसहि कोणीं विचारलें नव्हतें.

एखादें राष्ट्र तटस्थ आहे म्हणजे नेमकें काय, आणि तें युद्धांत उतरतें तें कसें, हें समजून घेण्यास दूर युरोपांत जाण्याचें कारण नाहीं. मुरगांव बंदराचा दोन महायुद्धांतील इतिहास त्यास पुरेसा आहे. पहिल्या युद्धांत पोर्तुगाल प्रथम बाहेर राहिला आणि मग आंत ओढला गेला; दुसऱ्यांत तो शेवटपर्यंत बाहेर राहिला. बंदर एकच, परंतु निकाल दोन. हें कसें झालें, हाच येथील प्रश्न आहे.

प्रथम कायदा पाहूं. १९०७ सालच्या हेग येथील करारांनीं तटस्थांचे हक्क आणि कर्तव्यें ठरवून दिलीं. तटस्थ राष्ट्राच्या भूमीवर व समुद्रपट्टींत लढणाऱ्यांनीं पाऊल टाकूं नये, हा त्यांचा हक्क. उलट, आपलें बंदर कोणाही युद्धमान पक्षास लढाईचा तळ म्हणून वापरूं देऊं नये, त्यास तेथें बिनतारी संदेशयंत्र उभारूं देऊं नये, आणि दोघांशीं सारख्याच न्यायानें वागावें, हें त्यांचें कर्तव्य. लढाऊ जहाजास तटस्थ बंदरांत सामान्यतः चोवीस तासांहून अधिक थांबतां येत नाहीं. व्यापारी जहाजास मात्र ही अट लागू नाहीं. त्यामुळें युद्ध पेटलें कीं शत्रूच्या आरमारास भ्यालेल्या व्यापारी आगबोटी जवळच्या तटस्थ बंदरांत शिरतात आणि नांगर टाकून वर्षानुवर्षें बसून राहतात. तटस्थ राष्ट्राच्या दारांत युद्ध येतें तें पुष्कळदां असें, पाहुणा म्हणून.

१९१४ च्या ऑगस्टांत हेंच झालें. जर्मन आगबोटी लिस्बनच्या नदीमुखांत, आफ्रिकेंतील पोर्तुगीज बंदरांत आणि मुरगांवींहि आश्रयास आल्या. पोर्तुगालचें प्रजासत्ताक तेव्हां अवघें चार वर्षांचें होतें. इंग्लंडशीं त्याचा १३७३ सालापासूनचा स्नेहाचा तह होता. परंतु इंग्लंडनें त्यास मोठा चमत्कारिक सल्ला दिला. युद्धहि पुकारूं नका आणि तटस्थतेची घोषणाहि करूं नका, असा तो सल्ला होता. याचें कारण उघड आहे. मित्र उघडपणें लढावयास उतरला तर त्याचें रक्षण करावें लागतें. उघडपणें तटस्थ झाला तर त्याचीं बंदरें वापरतां येत नाहींत. न इकडे न तिकडे, अशी स्थिति इंग्लंडच्या सोयीची होती.

पण अशी स्थिति फार काळ टिकत नाहीं. १९१४ च्या डिसेंबरांत, दोन्ही देशांत युद्ध नसतांनाच, आफ्रिकेंत अंगोलाच्या दक्षिण सीमेवर नाउलिला येथें जर्मन आणि पोर्तुगीज सैन्यांची लढाई झाली. पुढें जर्मन पाणबुड्यांनीं इतकीं जहाजें बुडविलीं कीं इंग्लंडास जहाजांची टंचाई भासूं लागली. पोर्तुगीज बंदरांत गंजत पडलेल्या आगबोटींकडे तेव्हां त्याचें लक्ष गेलें, आणि जुन्या तहाची आठवण देऊन इंग्लंडनें त्या मागितल्या. लिस्बनमधील युद्धवादी पुढाऱ्यांसहि निमित्त हवेंच होतें. आपल्या नव्या प्रजासत्ताकास युरोपांत मान मिळावा आणि वसाहती हातच्या जाऊं नयेत, अशी त्यांची इच्छा होती. १९१६ च्या फेब्रुवारींत लिस्बन येथील जर्मन जहाजांवर पोर्तुगीज निशाण चढलें. पाठोपाठ इतर बंदरांतील जहाजेंहि ताब्यांत घेण्यांत आलीं, आणि त्यांत मुरगांवचींहि होतीं. सगळीं मिळून त्यांची संख्या सुमारें ७० होती. ९ मार्च १९१६ रोजीं जर्मनीनें पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. युद्धाची घोषणा जर्मनीनें केली, परंतु तटस्थता त्यापूर्वींच संपली होती. ती ज्या दिवशीं संपली तो दिवस नेमका कोणता, हें सांगणें कठीण. नाउलिलाचा, तहाची आठवण देणाऱ्या पत्राचा, कीं निशाण चढविल्याचा? घोषणेचा कागद हा शेवटचा असतो. घर त्याआधीं पुष्कळ दिवस पोखरलें जात असतें.

मग हें छोटें राष्ट्र लढलें कसें? घाईनें उभारलेल्या फौजेंतील सुमारें ५५ हजार सैनिक १९१७ सालीं फ्रान्समध्यें गेले आणि इंग्रजी सैन्याच्या हाताखालीं फ्लँडर्सच्या चिखलांत उभे राहिले. ते पुरते थकलेले होते, त्यांच्या जागीं ताजी कुमक येत नव्हती. ९ एप्रिल १९१८ रोजीं लिस नदीच्या लढाईंत जर्मन हल्ल्याचा लोट त्यांच्यावर आला आणि एका दिवसांत सात हजारांच्या आसपास सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा कैद झाले. आफ्रिकेंत जर्मन सेनापति लेट्टो-फोरबेक याची फौज १९१७ च्या नोव्हेंबरांत मोझांबिकमध्यें घुसली आणि पुढील सप्टेंबरपर्यंत तेथें मोकाट फिरत राहिली. स्वदेशांत महागाई, दंगे आणि १९१७ च्या डिसेंबरांत सत्तापालट! पोर्तुगाल विजेत्यांच्या पंक्तीस बसला खरा, पण प्रजासत्ताकाचें कंबरडें मोडलें तें मोडलेंच. १९२६ सालीं सैन्यानें सत्ता बळकावली, आणि त्यांतूनच सालाझार यांची हुकूमशाही पुढें आली.

दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां हा सारा अनुभव सालाझार यांच्यापुढें होता. १९३९ च्या सप्टेंबरांत त्यांनीं तटस्थता जाहीर केली आणि दोन्ही डगरींवर हात ठेवण्याचें धोरण मोठ्या कौशल्यानें चालविलें. पोलाद कठीण करण्यास लागणारें वुल्फ्रॅम हें खनिज पोर्तुगालांत विपुल. तें त्यांनीं इंग्लंडासहि विकलें आणि जर्मनीसहि. मात्र तटस्थता ही नुसत्या घोषणेनें पाळली जात नाहीं; तिचा भंग करण्याची इतरांना गरज नसावी लागते, हें तिमोर बेटावर दिसून आलें. १९४१ च्या डिसेंबरांत जपानी येण्याच्या भीतीनें डच व ऑस्ट्रेलियन फौजा पोर्तुगीज तिमोरमध्यें परवानगीवांचून उतरल्या; १९४२ च्या फेब्रुवारींत जपानी आलेच. बळी तो कान पिळी. तेथील चाळीस हजारांहून अधिक लोक युद्ध, उपासमार आणि रोगराई यांस बळी पडले, असा अंदाज आहे. आणि त्यांचा देश कागदोपत्रीं अखेरपर्यंत तटस्थच होता!

मुरगांवींहि जुनेच नाटक नव्यानें मांडलें गेलें. एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स या तीन जर्मन आगबोटी १९३९ पासून तेथें नांगरून होत्या. इटली युद्धांत उतरल्यावर आन्फोरा ही इटालियन आगबोट त्यांस येऊन मिळाली. एरेनफेल्सवर लपविलेलें बिनतारी यंत्र असून हिंदी महासागरांतील जर्मन पाणबुड्यांस मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर त्यावरून मिळते, असा इंग्रजांचा संशय होता. यंत्राचा खरोखर कितपत उपयोग झाला, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु संशय खरा मानला तर कायद्याचा भंग जर्मनांनीं केला होता आणि तो थांबविणें पोर्तुगालचें काम होतें. सालाझार यांनीं १९१६ प्रमाणें जहाजें जप्त करावीं तर जर्मनीशीं युद्ध. इंग्रजांनीं उघड हल्ला करावा तर स्नेह्याच्या तटस्थतेचा भंग.

यांतून इंग्रजांच्या गुप्त खात्यानें वाट काढली. कामासाठीं निवडले ते कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी स्वयंसेवक पलटणींतील कांहीं व कलकत्ता स्कॉटिश पलटणींतील चार, मिळून अठरा जण. कलकत्त्याच्या कचेऱ्यांतून काम करणारे, बहुतेक प्रौढ वयाचे हे इसम. फीबी नांवाचा गाळ वाहणारा पडाव कलकत्त्याहून सिंहलद्वीपास वळसा घालून कोचीनला आला, आणि मंडळी आगगाडीनें तेथें पोहोंचून त्यांत चढली. ९ मार्च १९४३ च्या रात्रीं ते एरेनफेल्सवर चढले. जहाज ओढून न्यावें असा बेत होता, पण जर्मन खलाशांनीं झडपा उघडून तें बुडविलें. तें पाहून उरलेल्या तिन्ही आगबोटींच्या खलाशांनींहि आपापल्या आगबोटींस आगी लावल्या. एरेनफेल्सचा कप्तान मारला गेला. हल्लेखोर सुखरूप परतले. त्यांस पदक मिळालें नाहीं, कारण जें घडलेंच नाहीं असें म्हणावयाचें त्याचें पदक कसें द्यावें? १९७८ सालीं जेम्स लीझर यांच्या पुस्तकामुळें ही हकीकत सर्वतोमुखीं झाली.

९ मार्चच्या दिवशींच, सत्तावीस वर्षांपूर्वीं, अशाच आगबोटींपायीं पोर्तुगाल युद्धांत ओढला गेला होता. या वेळीं तसें झालें नाहीं. आपल्या बंदरांतील नाजूक लचांड लिस्बनला बोट न उचलतां संपलेलें दिसलें. सुंठीवांचून खोकला गेला! आणि त्याच १९४३ च्या ऑक्टोबरांत, त्याच मुरगांवीं, जपानी तेइया मारू आणि स्वीडिश ग्रिप्सहोल्म या दोन आगबोटींनीं अमेरिकन आणि जपानी नागरिकांची अदलाबदल केली. मार्चमध्यें ज्या तटस्थतेवर घाला पडला, तीच ऑक्टोबरांत हजारों अडकलेल्या माणसांस घरीं पोहोंचविण्याच्या उपयोगी पडली. तटस्थ बंदर टिकतें, तें सर्वांसच कधींना कधीं त्याची गरज लागते म्हणून.

परंतु अशा सौद्याची किंमत कोण देतें? १९४३ च्या ऑगस्टांत अटलांटिक महासागरांतील अझोर्स बेटांवर इंग्रजांस विमानतळ देण्याचा करार झाला. ऑक्टोबरांत चर्चिल यांनीं पार्लमेंटांत तो १३७३ च्या तहाच्या आधारें जाहीर केला. पुढें १९४४ च्या जूनमध्यें सालाझार यांनीं वुल्फ्रॅमची विक्रीहि बंद केली. जर्मनीनें युद्ध पुकारलें नाहीं, कारण ती शक्तीच आतां तिच्यांत उरली नव्हती. अझोर्सच्या मोबदल्यांत पोर्तुगालच्या सर्व वसाहतींवरील सत्तेस इंग्लंडनें हमी दिली. त्या वसाहतींत गोवाहि आला. म्हणजे अटलांटिकमधील विमानतळाचें मोल ठरविण्यांत मांडवी आणि जुवारीच्या कांठची जनताहि तराजूंत पडली होती, आणि तिला त्याचा पत्ताहि नव्हता.

१९४७ सालीं कॅसल रॉकच्या अलीकडची बाजू स्वतंत्र झाली. पलीकडची पोर्तुगीजांकडेच राहिली. १९ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय सैन्यानें गोवा मुक्त केला. त्या वेळीं लिस्बननें जुन्या स्नेहाची आठवण इंग्लंडास करून दिली, पण राष्ट्रकुलांतील भारताविरुद्ध मदत करण्यास इंग्लंडनें नकार दिला. जो तह १९१६ सालीं जहाजें मागण्यास आणि १९४३ सालीं विमानतळ मागण्यास पुरेसा जिवंत होता, तो १९६१ सालीं निर्जीव ठरला.

तटस्थ राष्ट्र युद्धांत उतरतें तें एका घोषणेनें नव्हे, आणि त्यांतून बाहेर राहतें तेंहि एका घोषणेनें नव्हे. त्याच्याजवळ बंदर आहे कीं खनिज आहे, तें कोणास हवें आहे, आणि नाकारण्याचें बळ त्याच्या अंगीं किती आहे, यावर सर्व अवलंबून असतें. यापुढें कोणतेंहि सरकार आपण तटस्थ आहों असें सांगूं लागलें, तर सुज्ञ वाचकानें आणखी एक चौकशी अवश्य करावी: ज्यांच्या घरांवरून हा सौदा चालला आहे, त्यांस कोणीं विचारलें आहे काय?