अग्निशमन प्रशिक्षण : खर्च आणि लाभ यांचा ताळेबंद

दि. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशामक जवानांना वीरमरण आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. या सेवेविषयीच्या आदरापोटी आणि स्थिर नोकरीच्या अपेक्षेने अनेक युवक अग्निशमन प्रशिक्षणाकडे वळतात. तथापि, कुटुंबाची बचत वा कर्जाची रक्कम त्यात गुंतविण्यापूर्वी खर्च आणि संभाव्य लाभ यांचा रोखठोक हिशेब मांडणे हिताचे ठरते.

रोजगाराची तीन क्षेत्रे

पहिले क्षेत्र शासकीय व नगरपालिकांच्या अग्निशमन दलांचे. दुसरे कारखाने, विमानतळ, रुग्णालये व उंच इमारतींचे. तिसरे अग्निसुरक्षा यंत्रणा बसविणाऱ्या व त्यांची देखभाल करणाऱ्या आस्थापनांचे. या तिसऱ्या क्षेत्रास कायद्याचे पाठबळ आहे. उदाहरणार्थ, महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. साहजिकच तपासणी व दुरुस्तीचे काम वर्षानुवर्षे चालू राहते.

प्रमाणपत्र कोणास मान्य?

‘फायर अँड सेफ्टी’ या एकाच नावाखाली अत्यंत भिन्न दर्जाचे अभ्यासक्रम चालविले जातात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले. तेथे सब-ऑफिसर पदाच्या अभ्यासक्रमापासून अग्निशमन अभियांत्रिकीच्या पदवीपर्यंत शिक्षण मिळते. अग्निशमन सेवा हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांच्या कार्यकक्षेत येणारा विषय असल्याने भरतीचे नियम सर्वत्र सारखे नाहीत. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिकांच्या जाहिरातींत मुंबईच्या राज्य प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम अनिवार्य असतो. इंदूर, वडोदरा वा बंगळूर येथील उमेदवाराने आपापल्या राज्याची अट पाहावी. काही दले निवडीनंतर स्वतःच प्रशिक्षण देतात. तेथे आगाऊ शुल्क भरण्याचे प्रयोजनच उरत नाही.

म्हणून जेथे नोकरी करावयाची, त्या दलाची वा कारखान्याची अलीकडील जाहिरात प्रथम वाचावी. उंची, छाती, दृष्टी व वय यांच्या अटीही त्याच वेळी तपासाव्यात. उंचीत एक सेंटिमीटर कमी पडल्यास उत्तम गुणांचे प्रमाणपत्रही भरतीत उपयोगी पडत नाही.

खरा खर्च किती?

शुल्क हा खर्चाचा केवळ एक भाग होय. समजा, दरमहा १२,००० रुपये मिळविणारा एक युवक सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करतो. शुल्क ६०,००० रुपये, निवास व भोजन ३६,००० रुपये, गणवेश व प्रवास ९,००० रुपये, आणि बुडालेले वेतन ७२,००० रुपये. एकूण भार १,७७,००० रुपये होतो. प्रशिक्षणानंतर वेतन १६,००० रुपये झाल्यास दरमहा ४,००० रुपयांची वाढ मिळते व हा भार भरून निघण्यास सुमारे ४४ महिने लागतात. वाढ ८,००० रुपयांची असल्यास २२ महिने पुरतात. नोकरी मिळण्यास जितका विलंब होईल, तितका हा काळ लांबतो.

याच उदाहरणात १ लाख रुपयांचे कर्ज द.सा.द.शे. १० दराने पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे २,१२५ रुपये येतो, म्हणजे ४,००० रुपयांच्या वाढीतील निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यातच जाते.

कर्ज घेताना

जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित कौशल्य कर्ज योजनेत कर्जाची कमाल मर्यादा १.५ लाखांवरून ७.५ लाख रुपये करण्यात आली. मात्र संस्था व अभ्यासक्रम योजनेस पात्र असावा लागतो. प्रवेश शुल्क भरण्यापूर्वीच शाखेत ही पात्रता विचारून घेतल्यास पुढील निराशा टळते. प्रशिक्षणकाळात हप्ता सुरू होत नसला तरी व्याजाची आकारणी चालूच असते. ते वेळीच भरत गेल्यास नंतरचा बोजा हलका राहतो. मर्यादा वाढली म्हणून अधिक कर्ज घ्यावे असे नव्हे. अपेक्षित वेतनवाढीतून हप्ता सहज भागेल एवढेच कर्ज योग्य.

मान्यताप्राप्त प्रमाणपत्र, शारीरिक पात्रता आणि पेलणारा हप्ता या तीन कसोट्यांवर उतरणारे प्रशिक्षण निश्चितच मोलाचे आहे. यांपैकी एकही कसोटी डळमळीत असल्यास शुल्काची पावती फाडण्यापूर्वी थोडे थांबणे श्रेयस्कर.