रक्ताला पैसे का नकोत?

प्रसूतीत रक्तस्राव फार झाला, की कट्ट्याहून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात धाव घ्यावी लागते. अशा वेळी नातेवाईक मला म्हणतात, "डॉक्टरानू, व्हये तितके पैशे घेवा, पण रगत देवा." पण पैसे घेऊन रक्त देण्यास आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. पैशासाठी आलेला माणूस आजार लपवतो आणि अगदी ताजा संसर्ग तपासणीतही सापडेलच असे नाही.

दुसरे कारण मजेशीर आहे. पैसे देऊ केले तर दाते उलट घटतील, अशी शंका ब्रिटनच्या रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली मांडली. स्वीडनमधील अर्थशास्त्रज्ञांनी ती प्रयोगाने तपासली व २००८ साली निष्कर्ष छापले. ५० क्रोनर देऊ केल्यावर पुरुषांत विशेष फरक पडला नाही. तयार होणाऱ्या स्त्रिया मात्र जवळजवळ निम्म्यावर आल्या! तीच रक्कम धर्मादाय देण्याची मुभा असलेल्या गटात ही घट दिसली नाही.

आपल्याकडे स्त्रियांना कोणी विचारतच नाही, हे मला खटकते. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो व हिमोग्लोबिन १२.५ असलेली निरोगी स्त्री दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी मात्र थांबावे.