फाँट फुकट, बटण फिकट

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेखही कोरून घेतला. वाचणारा कोण, याचा विचार तेव्हाही होत होता म्हणायचा!

आज तिथल्या कापडवाल्याला मराठी-हिंदीत स्वतःची वेबसाइट काढायची तर फाँटला पैसे पडत नाहीत. फाँट घडवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ सात जाडींत मिळतो. परवाना खुला: साइटवर चढवा, एखादं जोडाक्षर पटलं नाही तर बदला. नुसता फाँट तेवढा विकता येत नाही.

वेबसाइटवर दुसऱ्या टोकाचं, ग्राहकाला फसवणारं डिझाइनही असतंच. न मागितलेली वस्तू गुपचूप कार्टमध्ये सरकवायची, ‘नको’चं बटण फिकट करायचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्या नावानिशी नोंदवून त्यांना मनाई केली.