पहिलं उपकरण कोणतं घ्यायचं? – काडतुसं भरणाऱ्यांच्या बाकावरून एक धडा

परवा लॅबमधला एक ज्युनिअर यादी घेऊन आला. "ताई, सर म्हणालेत कंटिन्जन्सीतून काय काय घ्यायचं ते ठरव. बघ ना, बरोबर आहे का?" यादीतली पहिलीच वस्तू होती एक ऑटोमॅटिक यंत्र. नमुना भरणं, तोलणं, मिसळणं, सगळं एका बटणावर. मी विचारलं, "यातली प्रत्येक पायरी तू हाताने कधी केली आहेस का?" तो म्हणाला, "नाही, म्हणूनच तर यंत्र घेतोय."

त्याला मी जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते. पण त्यासाठी उदाहरण आपल्या लॅबचं घेणार नाही. घेणार आहे अमेरिकेतल्या एका छंदाचं, बंदुकीची वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरण्याचं. तिकडे याला 'रीलोडिंग' म्हणतात. नेमबाजी करणारे आणि शिकारी लोक गॅरेजमधल्या बाकावर हे काम करतात. हेच उदाहरण का? कारण इथे नवशिक्यासमोर अगदी आपलाच प्रश्न असतो: पैसे थोडे, अनुभव शून्य, कॅटलॉग मात्र भलामोठा. आणि चुकीची किंमत लगेच मोजावी लागते. आपल्याकडे चुकलं तर फार तर डेटा वाया जातो, तिकडे बोटं जाऊ शकतात. त्यामुळे तिथले जुने जाणते लोक उपकरणांचा विचार फार स्वच्छपणे करतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. भारतात शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे घरी करून बघायचं नाही. आपल्याला त्यांची विचार करायची पद्धत उचलायची आहे.

आधी काम समजून घ्या, मग यंत्र

काडतुसाचे चार भाग असतात: पितळेची टोपण, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतली पावडर आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की प्रायमर आणि पावडर जळून जातात, गोळी निघून जाते, पण पितळेची टोपण हातात राहते. चौघांतली सहसा हीच महाग वस्तू, आणि ती पुन्हा वापरता येते. छंदाचं सगळं अर्थशास्त्र यावर उभं आहे.

काम ढोबळमानाने असं चालतं. टोपण तपासायची आणि पुसायची. बार उडताना ती फुगलेली असते, ती साच्यातून दाबून मूळ मापाला आणायची आणि त्याच दाबात जुना प्रायमर बाहेर काढायचा. नवा प्रायमर बसवायचा. पावडर मोजून घालायची. गोळी ठराविक खोलीवर बसवायची. पाच-सहा पायऱ्या, त्यातली एकही अवघड नाही. अवघड आहे ते प्रत्येक पायरी प्रत्येक वेळी तशीच होणं. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या कुठल्याही प्रोटोकॉलचं हेच तर दुखणं असतं.

तीन प्रकारची साधनं

सगळ्यात स्वस्त म्हणजे ली लोडर. रिचर्ड ली यांनी 1958 मध्ये आपल्या घरच्या वर्कशॉपमध्ये हा संच बनवायला सुरुवात केली. खिशात मावेल एवढी डबी आणि एक हातोडी. टोपण ठोकून साच्यात घालायची, ठोकून बाहेर काढायची. वेग अगदी कमी, पण प्रत्येक क्रिया हाताला जाणवते.

दुसरा प्रकार सिंगल-स्टेज प्रेस. बाकाला बोल्टने घट्ट बसवलेलं एक दांड्याचं यंत्र, त्यात एका वेळी एकच डाय बसते. समजा 50 टोपणं आहेत. आधी पन्नासच्या पन्नास मापाला आणायच्या, मग डाय बदलायची आणि पुढची पायरी पन्नासही टोपणांवर करायची.

तिसरा प्रोग्रेसिव्ह प्रेस. यात अनेक डाय एकदम बसतात, टोपणं गोल फिरत राहतात, आणि यंत्र भरून चालू झालं की दांडा ओढला की दर वेळी एक तयार काडतूस. वेग प्रचंड. पण त्या एका ओढीत चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडतात. त्यातली एक बिघडली तर नवशिक्याला कळतच नाही की हाताला लागलेला अडथळा नेमका कुठल्या टप्प्यावरचा.

बहुतेक जाणते लोक नवशिक्याला सिंगल-स्टेज सुचवतात. तो स्वस्त आहे हे एक कारण झालं, पण मोठं कारण हे की त्यात एका वेळी एकच गोष्ट बदलते. चूक झाली तर ती कुठल्या पायरीत झाली ते ठाऊक असतं. संशोधनाच्या पहिल्या वर्षी तुम्हाला वेग नको असतो. चूक कुठे होते ते दिसायला हवं असतं.

आणखी एक बारकावा. बहुतेक कंपन्यांच्या डायना एकच प्रमाणित आटे असतात, 7/8 इंच व्यास आणि इंचाला 14 आटे. म्हणून एका कंपनीची डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये सहसा बसते. उद्या प्रेस बदलला तरी डाय फुकट जात नाही. तुम्हीही उपकरण घेताना हे विचारा: याचे सुटे भाग दुसऱ्याचे चालतात का? डेटा साध्या फाईलमध्ये बाहेर काढता येतो का, की फक्त त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतो?

कुठे वाचवायचं, कुठे नाही

नवशिक्याच्या यादीतून आरामात वगळता येतील अशा वस्तू: टोपणा घासून चकचकीत करणारं यंत्र, पावडर आपोआप टाकणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, शोभेचा बाक. पुसून स्वच्छ केलेली टोपण चकचकीत टोपणेइतकीच चालते.

न वगळता येण्याजोग्या वस्तू चार. पहिली, भरण्याची आकडेवारी असलेलं छापील पुस्तक. पावडर आणि गोळी बनवणाऱ्या कंपन्या चाचणी करून ही माहिती प्रसिद्ध करतात. नियम असा की खालच्या आकड्यापासून सुरू करायचं आणि हळूहळू वर जायचं. ऐकीव आकडा कधीही वापरायचा नाही. दुसरी, डोळ्यांना गॉगल. तिसरी, व्हर्नियर कॅलिपर. गोळी ठरल्यापेक्षा खोल बसली तर आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. छोट्या पिस्तुली काडतुसात हा फरक घातक ठरू शकतो. चौथी वस्तू म्हणजे काटा.

काट्याबद्दल जरा थांबून बोलू, कारण इथे आपला थेट संबंध आहे. पावडर 'ग्रेन' या एककात तोलतात. 7000 ग्रेन म्हणजे एक पौंड, म्हणजेच 1 ग्रेन साधारण 64.8 मिलिग्रॅम. या कामाचे काटे 0.1 ग्रेनपर्यंत दाखवतात, म्हणजे सुमारे 6.5 मिलिग्रॅम. आता समजा काटा 0.3 ग्रेनने चुकतोय. 45 ग्रेन तोलताना ही चूक 0.7 टक्के, पण 5 ग्रेन तोलताना तीच चूक 6 टक्के! काटा तोच, चूक तीच, धोका मात्र कितीतरी पट. म्हणून "काटा किती अचूक आहे?" हा प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असा: मी जेवढं तोलणार आहे, तेवढ्या वजनाला तो किती अचूक आहे?

साधा दांडीचा काटा गुरुत्वाकर्षणावर चालतो. त्याला बॅटरी नाही, गरम व्हायला वेळ लागत नाही. हळू आहे, पण शून्य नीट लावलं आणि सुऱ्या स्वच्छ ठेवल्या तर वर्षानुवर्षं टिकतो. स्वस्त डिजिटल काटा झटपट आकडा दाखवतो, पण पंख्याच्या वाऱ्याने, तापमानाने त्याचं शून्य सरकतं, आणि पडद्यावरचा आकडा तरीही तेवढ्याच आत्मविश्वासाने चमकत राहतो. काटा कुठलाही घ्या, सोबत माहीत असलेलं प्रमाणित वजन हवंच. ते नसेल तर काटा खरं बोलतोय हे कळणार कसं?

तुमच्या लॅबमधल्या काट्यावर उद्याच हे करून बघा. तुम्ही नेहमी तोलता त्याच्या जवळपासचं प्रमाणित वजन 10 वेळा ठेवा आणि उचला. दर वेळचा आकडा लिहा. आकड्यांचा आपापसातला विखार म्हणजे पुनरावृत्तीतली चूक. सरासरी आणि खरं वजन यांतला फरक म्हणजे कायमचा कल. पहिली चूक जास्त वेळा मोजून कमी करता येते. दुसरी हजार वेळा मोजूनही जात नाही. मग अर्ध्या तासाने पुन्हा एकदा करा, म्हणजे शून्य सरकतं का तेही कळेल.

चूक पकडणारी सोय यंत्राबाहेर

या छंदातल्या दोन चुका सगळ्यात भयंकर. एक, पावडर दोनदा पडणं. बंदूक फुटू शकते. दुसरी, पावडर पडलीच नाही असं होणं. मग नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि ते लक्षात न येता पुढचा बार काढला तर नळी फुटते.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे: भोकं पाडलेला लाकडी ठोकळा. पावडर घातलेली सगळी टोपणं त्यात ओळीने उभी करायची आणि गोळी बसवण्याआधी बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावायचं. एखादीची पातळी वेगळी असेल तर लगेच दिसते. शिवाय जाणते लोक नवशिक्याला फुगीर पावडर निवडायला सांगतात. अशी पावडर अर्ध्याहून जास्त टोपण भरते, त्यामुळे दोनदा घातली तर ती बाहेरच सांडते. म्हणजे निवडच अशी की चूक लपूच शकत नाही. तुमच्या प्रयोगात असा ठोकळा कुठे आहे, याचा विचार करा. रंग बदलणारा कंट्रोल, जागेवरच काढलेला आलेख, वहीत हाताने लिहिलेलं वजन, काहीही चालेल.

पाच मोजमापांचा मोह

भरलेली काडतुसं एकसारखी आहेत का, हे गोळीचा वेग मोजून तपासतात. त्या उपकरणाला क्रोनोग्राफ म्हणतात. बरेच जण पाच बार काढतात, प्रमाण विचलन सेकंदाला 10 फूट आलं की खूश. पण पाच मोजमापांवरून काढलेलं विचलन फार कच्चं असतं. वेगांचं वितरण नॉर्मल धरलं तर 95 टक्के विश्वासाने एवढंच म्हणता येतं की खरं विचलन साधारण 6 ते 29 च्या मध्ये कुठेतरी आहे. 10 बारांवर हा पट्टा 7 ते 18 होतो, 30 बारांवर 8 ते 13. क्रोनोग्राफ कितीही महाग घ्या, पाच म्हणजे पाचच. पैसे उपकरणावर घालायचे की जास्त नमुन्यांवर, हा हिशोब खरेदीआधी करा.

शेवटी, माझी चूक

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असं नाही. पहिल्या वर्षी मी घाईने एक डिजिटल काटा घेतला, प्रमाणित वजनाचे पैसे 'वाचवले'. एसी चालू झाला की शून्य सरकत होतं. मला ते कळायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांचा एकही आकडा प्रबंधात गेला नाही. गाइड काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "वही आण, पुन्हा पहिल्यापासून बघू." ते जास्त लागलं.

तर खरेदीची यादी करताना स्वतःला एवढं विचारा. यातली प्रत्येक पायरी मी हाताने केली आहे का? चूक झाली तर ती कुठे झाली ते दिसेल का? मी मोजणार त्या मापाला हे उपकरण पुरेसं आहे का? ते खरं बोलतंय हे तपासायचं साधन माझ्याकडे आहे का? चारही उत्तरं 'हो' असतील तर खुशाल घ्या, स्वस्त असो की महाग. एखादं उत्तर 'नाही' असेल तर आधी तेवढं भरून काढा.

ज्युनिअरने यादी बदलली. यंत्र खोडलं, त्याजागी चांगला काटा, वजनांचा संच आणि एक जाड वही लिहिली. यंत्र पुढच्या वर्षी घेईल म्हणतो. तोपर्यंत त्याला कळलेलं असेल की त्या यंत्राने नेमकं काय करायला हवं.