प्राध्यापक संशोधनाकडे कसे वळतील?

भंडाऱ्यात बोलायचे, म्हणून आम्ही पवनीपासून सुरुवात करतो. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. मातीखालून बौद्ध स्तूप निघाला. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये छापूनही झाला. त्याच्या कितीतरी आधी, नागपूरला संस्कृत शिकवणाऱ्या वा. वि. मिराशींनी पवनीचा शिलालेख वाचून प्रसिद्ध केला होता. आता सांगा, या मंडळींना कुठल्या प्रेरणा-शिबिराला पाठवले होते?

२०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने एपीआय आणला. निबंधाला इतके गुण, पुस्तकाला इतके, आणि बढती त्या बेरजेवर. हेतू वाईट नव्हता हो. पण माणूस जे मोजले जाते तेच करतो. चर्चासत्रांचा सुकाळ झाला, पैसे घेऊन छापणारी नियतकालिके निघाली. आम्ही स्वतः निवड समित्यांवर बसलो आहोत. समोर जाडजूड फायली यायच्या. त्यातला एकही निबंध आम्ही पूर्ण वाचला नाही. गुण तेवढे मोजले. ही चूक आमच्याही पदरात आहे. २०१८ च्या नियमांनी महाविद्यालयीन शिक्षकांवरचा तो बोजा हलका केला, पण बोजा उतरला म्हणून जिज्ञासा जागी होत नाही.

अडते कुठे? वेळेत. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचे, वर परीक्षा आणि नॅकची कागदपत्रे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचे तर विचारूच नका. त्याला तासाचे पैसे मिळतात, ग्रंथालयात घालवलेल्या दुपारचे नाही. त्याला ‘संशोधन करा’ म्हणताना आमची जीभ अडखळते.

आणि विषय? तो दारात आहे. तुमचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कितीतरी कोहळी समाजाने बांधलेले. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. मग पाळीची, गाळाची, पाणीवाटपाची जबाबदारी कोणाकडे गेली? एकच तलाव घ्या. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी पाणवनस्पती पाहाव्यात, अर्थशास्त्राच्या सरांनी मासेमारीचा हिशेब मांडावा, मराठीवाल्यांनी ढिवरांच्या तोंडचे शब्द टिपावेत. त्यांच्याकडे शिकायला जायचे, फॉर्म भरून घ्यायला नव्हे. प्राचार्यांनी एवढेच करावे, की तिघांना आठवड्यातला एकच दिवस मोकळा द्यावा. शनिवार नको, शनिवारी मिटिंगा असतात.