रक्ताचा फेरा, ज्याचा त्याचा

हिवाळ्यात गंगापूर तालुक्याच्या कडेला, जायकवाडीच्या पाणफुगवट्यावर पट्टकादंब उतरतात. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले हे हंस. तिथल्या विरळ हवेत माणसाला दोन पावलं टाकताना धाप लागते. हे पक्षी मात्र पंख मारत राहतात. याचं कारण त्यांच्या रक्तात आहे. त्यांचं हिमोग्लोबिन प्राणवायू जास्त घट्ट पकडतं आणि चार कप्प्यांचं हृदय शुद्ध-अशुद्ध रक्त एकमेकांत मिसळू देत नाही.

त्याच पाण्यातल्या रोहूचं हृदय दोनच कप्प्यांचं. तिथून रक्त कल्ल्यांत जातं आणि परस्पर अंगभर फिरून हृदयात परततं. कल्ल्यांच्या बारीक नळ्यांतून जाताना रक्ताचा जोर ओसरतो, पण माशाचं तेवढ्यात भागतं. बेडकाचे कप्पे तीन. थोडी सरमिसळ होते, ती त्याची ओली कातडी प्राणवायू शोषून सांभाळून घेते.

खरी गंमत खेकड्याची. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, म्हणून ते निळसर दिसतं. ते सगळीकडे नळ्यांतून वाहत नाही, अवयवांभोवतीच्या पोकळ्यांत मोकळं पसरतं. झुरळाचंही तसंच, मात्र त्याच्या अंगात हवा वेगळ्या नळ्यांनी पोचते, त्यामुळे रक्तावर प्राणवायूचा भार नाही.

रक्ताचा हा फेरा बोटांनी अनुभवायचा असेल आणि गोठ्यात गरीब स्वभावाची गाय असेल, तर शेपटीच्या बुडाशी खालच्या अंगाला हलकेच बोटं टेकवा. नाडी लागेल. मोठी गाय निवांत असताना मिनिटाला साधारण ५० ते ८० ठोके पडतात. लाथेचा अंदाज घेऊन बाजूला उभे राहा, म्हणजे झालं.